साध्या पाण्याची घाई

१

जे पाणी दीड-दीड दिवस जागचं हलायला तयार नसायचं, ते शनिवारी सकाळी पस्तीस मिनिटांत गोठलं. तेही चार पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

जळगावच्या एका कॉलेजातली ती छोटीशी प्रयोगशाळा. टेबलावर तांब्याएवढं, पण चांगलं बोटभर जाड पोलादाचं भांडं. त्याच्या पोटाला जाड काचेची खिडकी, डोक्यावर दाबाचा काटा, भोवती थंड पाण्याची पेटी. त्या भांड्यापाशी संघमित्रा बिऱ्हाडे उभी होती. तीन वर्षं ती या एका भांड्याशी बोलत आली होती.

"हे साधं पाणी आहे," ती पाहुण्यांना सांगत होती. "यात मी काहीही घातलेलं नाही. म्हणून दुपारपर्यंत तुम्हाला इथे काहीच दिसणार नाही. दुपारी मी यात माझं ल्युसीन घालीन, आणि मग बघा कसं भराभर..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. काटा खाली यायला लागला होता. काचेच्या तळाशी पांढरं काहीतरी उगवलं, भिंत धरून वर चढलं आणि बघता बघता खिडकी आतून कापसानं भरल्यासारखी झाली.

पाहुण्यांतले एक वयस्कर गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचं साधं पाणीच धावत सुटलंय की! मग औषध कोणाला पाजणार?"

बाकीचे हसले. विभागप्रमुख रतिलाल सर मात्र हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते दारातूनच म्हणाले, "साध्या पाण्याला छत्तीस तास लागतात असं तू छापून आणलंस. खाली माझंही नाव आहे. आज छत्तीस तास कुठे गेले?"

"सर, मला खरंच कळत नाही."

"सोमवारी चार वाजेपर्यंत कळून घे. नाहीतर तो शोधनिबंध मागे घेतोय असं पत्र मीच पाठवीन. मग तुझी डॉक्टरेट विसरायची."

संध्याकाळी तिनं भांडं धुऊन खिडकीखालच्या सकाळच्याच कॅनमधलं साधं पाणी पुन्हा भरलं. या वेळी बत्तीस मिनिटं.

तेव्हा तिनं धुळ्याला फोन लावला.

२

कहकशा मॅडमनी धुळ्यातल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. संघमित्राला पहिल्यांदा लिटमस कागद त्यांनीच हातात दिला होता. रविवारी अकरा वाजता त्या पारोळा-एरंडोल करत आलेल्या एस.टी.तून उतरल्या, छत्री मिटली आणि उन्हाकडे बघून म्हणाल्या, "चव्वेचाळीस तरी असेल. चल बेटा, तुझ्या थंड पेटीपाशी बसू."

प्रयोगशाळेत मगनभाऊंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मगनभाऊ म्हणजे इथले परिचर. पंचावन्नचे, बोलायला कमी, हात मात्र सतत काहीतरी पुसत असलेले. किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून रविवारीही ते आले होते. शेजारच्या टेबलावर जितेंद्र आपल्या नोंदी चाळत होता. तोही संघमित्रासारखाच संशोधन करणारा, असोद्याचा, घरी केळीची बाग.

"आता मी सहावीतली पोर आहे असं समज," मॅडम म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून सांग."

संघमित्राला बरं वाटलं. कालपासून तिला सगळ्यांनी जाब विचारला होता, पण गोष्ट कोणी विचारली नव्हती.

"शेणापासून, केळीच्या खोडांपासून जळणारा वायू निघतो. मिथेन. तो साठवायचा म्हणजे मोठा दाब आणि जड सिलिंडर. पण पाणी अगदी थंड केलं आणि त्यावर हा वायू दाबून धरला, की पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून पिंजरा करतात आणि वायूचा कण आत कोंडतात. दिसायला बर्फ. काडी लावली तर पेटणारा बर्फ! एक तांब्याभर बर्फात दीडशे तांबे वायू मावतो."

"वा! मग अडतं कुठे?"

"पाणी आळशी आहे, मॅडम. तासन्‌तास सुरुवातच करत नाही. केली तर वर सायीसारखा थर धरतो. साय धरली की खालच्या पाण्याला वायू मिळेनासा होतो. काम बंद."

"आणि तुझं ल्युसीन?"

"ते प्रथिनांमधलं असतं. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यांतली एक वीट. चिमूटभर घातलं की साय घट्ट न धरता जाळीदार होते, धिरड्यासारखी. जाळीतून पाणी वर चढत राहतं आणि पिंजरे बनत जातात. तासाभरात काम."

"साबणानंही हेच होतं," जितेंद्र तिकडून म्हणाला. "प्रयोगशाळेतल्या शुद्ध साबणानं. माझं त्यावरच काम आहे."

"फक्त त्याचा साबण फेसाळतो," संघमित्रा म्हणाली. "शेवटी वायू मोकळा करताना दूध उतू जावं तसा फेस नळीत शिरतो. ल्युसीनला फेस नाही. म्हणून तर..."

"म्हणून तर मला कोणी विचारत नाही," जितेंद्रनं तिचं वाक्य पुरं केलं आणि हसला. ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही.

मॅडमनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्या संघमित्राकडे वळल्या.

"काल वायू मोकळा केलास तेव्हा काय दिसलं?"

संघमित्रा आठवू लागली. काल ती इतकी गोंधळलेली होती की वायू सोडताना तिनं काचेकडे नीट पाहिलंच नव्हतं. पण आता, डोळे मिटल्यावर, ते दिसलं. बर्फ विरघळला होता आणि काचेच्या आतून बारीक बारीक बुडबुडे चिकटून बसले होते. फुटत नव्हते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "फेस होता."

३

मॅडमनी तीन परीक्षानळ्या मागून घेतल्या. एकीत अजून न उघडलेल्या नव्या कॅनमधलं पाणी. दुसरीत ल्युसीन घातलेलं पाणी. तिसरीत कालच्या कॅनमधलं, म्हणजे ज्यानं घात केला ते.

"हलव तिन्ही. जोरात."

पहिल्या नळीतले बुडबुडे लगेच फुटले. दुसरीतलेही. तिसऱ्या नळीत मात्र बोटभर फेस उभा राहिला आणि खुशाल राहिला.

"म्हणजे तुझं ल्युसीन संशयातून सुटलं," मॅडम म्हणाल्या. "ते चुकून सांडलं असतं तरी फेस आला नसता."

"मला वाटलं होतं, पाण्याची आठवण असेल," संघमित्रा म्हणाली. "एकदा पिंजरे केलेलं पाणी वितळवून पुन्हा वापरलं तर ते दुसऱ्यांदा लवकर गोठतं. जणू त्याला रीत माहीत झालेली असते. कोणी वापरलेलंच पाणी परत कॅनमध्ये ओतलं असेल तर?"

"आणि ही आठवण किती टिकते?"

"पाणी कोमट झालं की पुसून जाते."

मॅडमनी खिडकीखालच्या कॅनला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "जळगावच्या मे महिन्यात या खिडकीत ठेवलेलं पाणी स्वतःचं नाव तरी लक्षात ठेवील का? ते जाऊ दे. फेस येतोय म्हणजे पाण्यात काहीतरी आहे. या खोलीत फेस येणारी वस्तू कोणाकडे आहे?"

जितेंद्रच्या टेबलावरच्या बाटलीकडे सगळ्यांची नजर एकदमच गेली. तिचं झाकण अर्धवट लागलेलं होतं.

जितेंद्र उठून उभा राहिला. "सरळ बोला ना मग! मी टाकला साबण. हेच म्हणायचंय ना?"

"जितू, मी काही म्हटलेलं नाही," संघमित्रा म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच खोटा वाटला. कालची सबंध संध्याकाळ तिनं दुसरं काही म्हटलंच नव्हतं, फक्त मनातल्या मनात.

"तीन वर्षं एका खोलीत डबा खातोय आपण. तुझं काम पुढे गेलं याचा राग आला मला. आला. पण मी तुझ्या भांड्याला हात लावीन?"

"बस बेटा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रागावर आपण नंतर बोलू. आधी पाण्यालाच विचारू या. तुमच्या बागेत केळीला पोटॅश देता ना?"

जितेंद्र गोंधळला. "देतो की. घड भरायला पोटॅश लागतंच."

"त्याचा शुद्ध भाऊ इथल्या फळीवर असेल. पोटॅशियम क्लोराईड. आण, आणि तुझी साबणाची बाटलीही आण."

त्यानं दोन्ही बाटल्या आणल्या. मॅडमनी त्याच्या साबणाची कणी पाण्यात विरघळवली आणि वरून चिमूटभर पोटॅश टाकलं. स्वच्छ पाणी क्षणात ताकासारखं पांढरं झालं.

"तुझ्या साबणाचं आणि पोटॅशचं जमत नाही. भेटले की साका होऊन खाली बसतात. कितीही थोडा साबण असू दे, लपत नाही." त्यांनी दुसरी चिमूट घेतली आणि फेसाच्या नळीवर धरली. "आता इथे."

जितेंद्रनं डोळे मिटून घेतले.

४

पाणी तसंच राहिलं. स्वच्छ, आरपार.

मॅडमनी आणखी एक चिमूट टाकली, नळी उजेडात धरली, खालीवर केली. पांढरेपणाचा लवलेश नाही.

"उघड डोळे," त्या म्हणाल्या. "तुझा साबण यात नाही."

जितेंद्र स्टुलावर बसला. संघमित्रा त्याच्याजवळ गेली. ती म्हणाली, "मला तुझ्यावर संशय आला होता."

"माहितेय," तो म्हणाला. "तुझ्या जागी मलाही आला असता. पाणी दे."

मॅडमनी मग नळीत थोडं बोअरचं पाणी ओतलं. जळगावचं बोअरचं पाणी म्हणजे जड, त्यात अंगाचा साबण दुधासारखा फाटतो. इथे काहीच फाटलं नाही. फेस मात्र जसाच्या तसा.

"अंगाचाही साबण नाही. बघ, साबण नाही आणि फेस आहे. मजा आहे की नाही?" त्यांचे डोळे आता शाळेतल्यासारखे चमकत होते. "खोलीत नवीन काही दिसलं होतं का गं? अगदी क्षुल्लक असलं तरी."

"काही नाही... हां, हा मणी." संघमित्रानं टेबलाचा खण उघडला. "काल थंड पेटीखाली सापडला. पाहुण्यांमधल्या बाईंची माळ तुटली असेल म्हणून ठेवलाय."

बोराएवढा काळाभोर, गुळगुळीत, टणक गोळा. मॅडमनी तो तळहातावर घेऊन फिरवला. नखानं टोकरला. मग त्यांनी तो संघमित्राच्या डोळ्यांपुढे धरला.

"माळेतला मणी म्हणतेस. मग याला भोक कुठे आहे?"

संघमित्रानं तो उलटसुलट करून पाहिला. भोक नव्हतं. एका बाजूला फक्त फिकट डाग होता, बी फळाला जिथे चिकटलेलं असतं तिथे असतो तसा.

"मॅडम, ही बी आहे!"

मॅडम मान हलवत होत्या. पण त्या बीकडे पाहत नव्हत्या. खिडकीपाशी मगनभाऊ पोलादी भांडं पुसत होते. त्या भांड्याची काच आज अशी लखलखत होती की आत काच आहे की नाही असा प्रश्न पडावा.

५

"मगनभाऊ," मॅडमनी बोटातली अंगठी काढली, "जरा बघता? माझ्या सासूबाईंची आहे. पार मळकट झालीय. कशानं धुवावी?"

मगनभाऊंनी हात पुसून अंगठी घेतली आणि उजेडात धरली. त्यांचा चेहराच बदलला.

"बावीस कॅरेटची शे," ते म्हणाले. "जुनं काम, मॅडम. याला पावडरबिवडर लावायची नाही. आमच्या हातात बावीस वर्षं हेच काम होतं, सराफ बाजारात, पॉलिशच्या दुकानात. डोळे अधू झाले म्हणून सोडलं. याला रिठा."

"रिठा?"

"चार रिठे रात्री भिजत घालायचे. सकाळी कुस्करून बी काढायची, पाणी गाळायचं. त्यात दागिना बुडवायचा आणि मऊ ब्रशनं, बाळाचं अंग चोळावं तसं चोळायचं. सोनं झिजत नाही, चरा पडत नाही. काच असू दे, खडा असू दे, कशालाच धक्का नाही."

संघमित्रानं हातातल्या काळ्या बीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मॅडमनी तिला डोळ्यांनीच थांबवलं.

"आणि धुतल्यावर पाणी ओतून द्यायचं?"

मगनभाऊ दचकले, जणू कोणी भाकरी फेकायला सांगितली होती. "पाणी ओतायचं? मॅडम, सोन्याच्या दुकानात पाण्याचा थेंब मोरीत जात नाही! त्यात सोन्याचा कण असतो. पहिलं पाणी, दुसरं पाणी साठवून ठेवायचं, गाळ बसला की गाळ विकला जातो. तिसरं पाणी तर स्वच्छच असतं. ते परत चांगल्या पाण्यात, पुढच्या धुण्याला."

"पाहुण्यांसाठी शुक्रवारी हे भांडं धुतलंत, तेव्हा किती वेळा पाणी घेतलंत?"

"तीनच. सवयीनं..." मगनभाऊ थांबले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग संघमित्राकडे, मग खिडकीखालच्या पांढऱ्या कॅनकडे. अंगठी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

भांड्यामागच्या भिंतीवर संघमित्राच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'या भांड्याला साबण लावू नये.'

"साबन नही लावा ताई," ते कसंबसं म्हणाले. घाबरले किंवा हरखले की त्यांची घरची बोली बाहेर यायची. "कागद वाचेल शे मी. पाहुणे येणार होते, काच चमकली पाहिजे असं वाटलं. रिठा काय साबन शे का? झाडाचं फळ शे ते!"

"आणि तिसरं पाणी?" संघमित्रानं विचारलं.

"काचेसारखं स्वच्छ होतं. तुम्ही दिवसदिवस बसून ते ऊर्ध्वपातनाचं पाणी काढता. कसाले फेकू? त्या कॅनमध्ये ओतलं." त्यांनी टेबलाखालून एक झाकलेली बादली पुढे ओढली. "पहिलं न दुसरं बठ्ठं ठेवेल शे."

बादलीत साठवलेलं ते पहिलं-दुसरं पाणी फिकट चहासारखं होतं. जितेंद्रनं काठी फिरवली आणि फेसाचा डोंगर उभा राहिला.

"तिसऱ्या पाण्यात असून असून किती रिठा असणार?" संघमित्रा म्हणाली.

"माझा साबण लिटरला पाव ग्रॅम पुरतो," जितेंद्र म्हणाला. "पाण्याला घाई करायला फार लागत नाही."

मगनभाऊ भिंतीला टेकून उभे होते. "माझी नोकरी कंत्राटी आहे, ताई," एवढंच ते म्हणाले.

६

कोडं सुटलं, पण रतिलाल सरांना कोडं ऐकायचं नव्हतं. त्यांना पाणी बघायचं होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता संघमित्रानं पोलादी भांडं मगनभाऊंच्या हातात दिलं. "तुम्हीच धुवा."

"मी?"

"तुमच्याइतकं स्वच्छ इथे कोणी धुत नाही. फक्त दहा पाण्यांनी धुवा, आणि दहाही मोरीत ओता."

मगनभाऊंनी नऊ वेळा पाणी ओतलं. दहावं ओतताना त्यांचा हात क्षणभर अडला. मग तेही ओतलं.

आठ वाजता नव्या कॅनमधलं पाणी भरलं, पेटी दोन अंशांवर लावली, वायू आत भरला. काटा साठावर. चौघं समोर बसली. मॅडम संघमित्राच्याच खोलीवर मुक्कामाला राहिल्या होत्या.

आठ वाजून वीस मिनिटांनी काटा हलला. एकोणसाठ. मग अठ्ठावन्न.

शनिवारीही असंच झालं होतं. तिनं काचेला नाक लावलं. तळाशी पांढरं काही आहे का? नाही. आहे? तिचं स्वतःचं प्रतिबिंब होतं.

"थांब," जितेंद्र म्हणाला. "वायू गार होतोय. गार झाला की दाब थोडा उतरतोच. थोडा पाण्यातही विरघळतो. मोज, अजून उतरतोय का?"

दहा मिनिटं. अठ्ठावन्न. आणखी दहा. अठ्ठावन्न. पस्तीसावं मिनिट आलं आणि गेलं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. असं वाट बघणं त्या प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. प्रयोग करणारी माणसं काहीतरी घडावं म्हणून डोळे लावून बसतात. ही चौघं काही घडू नये म्हणून बसली होती. मॅडमनी डबा उघडला. मगनभाऊंनी एक घासही घेतला नाही. जितेंद्र दर अर्ध्या तासानं आकडा लिहीत होता आणि प्रत्येक वेळी तोच आकडा लिहिताना खूश होत होता.

बरोबर चार वाजता रतिलाल सर आले. काही न विचारता ते भांड्यापाशी वाकले. खिडकीतून पलीकडचा दिवा स्वच्छ दिसत होता. मध्ये नुसतं पाणी.

"कधीपासून?"

"सकाळी आठपासून, सर."

"आणि काही झालं नाही?"

"काहीही झालं नाही, सर," संघमित्रा म्हणाली.

मॅडमनी नळ्या, पोटॅश, बी आणि बादली क्रमानं पुढे मांडली. सर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून मोबाईल काढला, बराच वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पत्र काढून टाकलं. छत्तीस तास पुरे होईपर्यंत मात्र मोजत राहा. पण मगन, भिंतीवरचा कागद दिसत नव्हता का?"

मगनभाऊ भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघू लागले.

"सर, त्यांनी कागदावरचा शब्दन् शब्द पाळला," संघमित्रा मध्येच म्हणाली. "कमी लिहिलं ते मी. काय लावू नये ते लिहिलं, कशानं धुवावं ते नाही. आणि ज्या माणसानं बावीस वर्षं धुण्याचंच काम केलंय, त्याला मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, की भाऊ, तुम्ही हे कसं धुता?"

सरांनी वाकून बादलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू दुसऱ्याच जातीची झाली. अशी आठी मुलांच्या कपाळावर नवं खेळणं उघडताना पडते.

"बत्तीस मिनिटं म्हणालीस?" ते म्हणाले. "तिसऱ्या पाण्यावर?"

"हो, सर."

"झाडाचं फळ. स्वस्त. विषारी नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "फेसाचं बघावं लागेल."

"फेसाचं मला माहितेय," जितेंद्र पटकन म्हणाला. "तीन वर्षं दुसरं काय करतोय?"

संघमित्रानं वहीचं कोरं पान उघडलं, पेन घेतलं आणि खुर्ची मगनभाऊंकडे वळवली.

"सांगा भाऊ. एका लिटरला किती रिठे?"

मगनभाऊंनी आधी सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मोजून नाही टाकत ताई," ते म्हणाले. "फेस पाहून टाकतो."

"मग बसा इथे," संघमित्रानं वजनकाटा त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही फेस पाहून टाका. मी मोजते."